कापडी बाहुल्या आणि बाहुली मंडळ : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मागील अंकात कापडी बाहुल्यांविषयी आणि महिन्यातून एकदा एकत्र बसून त्या शिवणाऱ्या आमच्या छोट्या मंडळाविषयी लेख प्रसिद्ध झाल्यानंतर वाचकांची बरीच पत्रे आली. कापड, भरण आणि चेहरा यांच्या अडचणी जितक्या विचारल्या गेल्या, तितकेच कुतूहल मंडळाविषयीही दिसले. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : मी नुकतीच शाळेतून निवृत्त झाले. बाहुल्या शिवण्याची मला मनापासून आवड आहे. पण घरी ‘आता या वयात बाहुल्या?’ असे ऐकावे लागते. शिवाय, शिवायच्याच तर घरी बसून एकटीनेही शिवता येतील. त्यासाठी मंडळ कशाला हवे?
— एक शिक्षिका, कोल्हापूर

उत्तर : बाहुलीशी खेळणारे हात लहान असतात, पण ती घडवणारे हात पूर्वीपासून बहुधा मोठ्या माणसांचेच असतात. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये रोमन अमलाखालील इजिप्तमधली एक कापडी बाहुली जपून ठेवलेली आहे. ती इसवी सनाच्या पहिल्या ते पाचव्या शतकांमधली आहे. कापड लिननचे आणि आत चिंध्या व पपायरस भरलेला. अलीकडचे उदाहरण हवे असेल, तर अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यातल्या मार्था चेस यांचे देता येईल. त्यांनी १८८९ च्या सुमारास कापडी बाहुल्या करायला सुरुवात केली आणि १९११ मध्ये हार्टफर्ड येथील रुग्णालयाच्या परिचारिका विद्यालयासाठी पूर्ण माणसाएवढी बाहुली तयार केली. रुग्णाला कसे उचलावे, त्याची कूस कशी बदलावी, हे विद्यार्थिनी या बाहुलीवर शिकत. तेव्हा घरच्यांच्या बोलण्याने मन खट्टू करून घेऊ नये. हे काम मोठ्या माणसांचेच आहे आणि त्याला मोठ्या माणसाचीच चिकाटी लागते.

मंडळाविषयीचा आपला प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. आमच्या मंडळात वर्षातून एकदा सर्वजणी एकच कागदी नमुना, एकाच ताग्यातला मांजरपाट आणि एकाच पिशवीतला कापूस घेऊन बसतात. संध्याकाळी टेबलावर बाहुल्या मांडल्या, की एकीची मान ताठ असते, दुसरीचे गाल फुगलेले असतात, तिसरीच्या भुवया किंचित वर चढलेल्या असतात आणि कोणती बाहुली कोणी शिवली, हे न सांगताही ओळखता येते. घरी एकटीने शिवताना स्वतःच्या हाताची ही लकब दिसत नाही, कारण तुलनेला दुसरी बाहुली नसते; आपण करतो ती रीतच एकमेव रीत आहे, असे वाटू लागते. इतरांच्या बाहुल्यांशेजारी आपली बाहुली ठेवली, म्हणजे आपला हात कसा चालतो हे प्रथमच कळते, आणि ते कळल्यावर तो कोठे वळवायचा हेही आपण ठरवू शकतो. मला मंडळाचा सर्वांत मोठा आनंद हाच वाटतो.

दुसरा आनंद ‘फिरत्या बाहुली’चा. अमेरिकेतील कापडी बाहुल्यांच्या मंडळांमध्ये ही पद्धत चांगली रुळलेली आहे आणि आम्हीही ती उचलली आहे. पहिली सभासद फक्त धड शिवते आणि ते पुढे देते. दुसरी चेहरा भरते, तिसरी केस लावते, चौथी कपडे शिवते, आणि शेवटी बाहुली पहिलीकडे परत येते. जिने मनात गोरी, हसरी परकरी पोर योजलेली असते, तिच्या हाती कपाळावर आठी असलेली, अंबाडा घातलेली आजी येऊ शकते. आपले काम दुसऱ्याच्या हाती सोपवून त्याचे काय होते ते पाहण्याची ही उत्सुकता एकटीच्या खोलीत मिळत नाही. शिवाय हात कामात गुंतलेले असताना होणाऱ्या गप्पा निराळ्याच असतात. समोरच्याच्या डोळ्यांत पाहावे लागत नसल्यामुळे एरवी न बोलले जाणारे बरेच काही सहज बोलले जाते.

प्रश्न : माझ्याकडे आईची जुनी नऊवारी लुगडी आहेत. त्यांच्या बाहुल्या करून नातींना द्याव्यात असे मनात आहे. पण कात्री लावायला हात धजत नाही. बाहुलीच्या अंगासाठीही लुगड्याचेच कापड चालेल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : अंगाचे कापड आणि पेहरावाचे कापड यांचा विचार वेगवेगळा करावा. अंगासाठी घट्ट विणीचे सुती कापड हवे. मांजरपाट सर्वांत उत्तम. तो आधी गरम पाण्यातून धुऊन, खळ काढून, वाळवून इस्त्री करावा. असे न केल्यास पहिल्याच धुण्यात बाहुली आटते आणि शिवणी ओढल्या जातात. विरविरीत कापडातून भरण बाहेर डोकावते, त्यामुळे जुने लुगडे अंगासाठी वापरू नये.

रंगाबद्दल माझे मत ठाम आहे. दुकानात ‘स्किन कलर’ म्हणून जे गुलाबट कापड मिळते, ते आपल्यापैकी फारच थोड्यांच्या रंगाशी जुळते. त्याऐवजी पांढरा किंवा कोरा मांजरपाट चहाच्या कडक पाण्यात बुडवून ठेवावा. अर्धा तास ठेवला तर गव्हाळ रंग येतो, आणि थोडा कात घातला तर सावळा. भांडे लोखंडी नसावे, कारण लोखंडाशी चहाचा संयोग होऊन रंग काळपट पडतो. ओले कापड नेहमी गडद दिसते; म्हणून वाळल्यावर हव्या त्या छटेपेक्षा थोडा गडद रंग येऊ द्यावा. नातीच्या हातात तिच्याच रंगाची बाहुली पडली, तर ती अधिक आपली वाटेल.

आता लुगड्याविषयी. घडी उलगडून कापड उजेडासमोर धरावे. जेथे उजेड आरपार येतो, तेथे ते विरलेले आहे असे समजावे. सतत घासला जाणारा खालच्या काठाजवळचा भाग बहुधा असा असतो आणि पदराकडचा भाग टिकलेला असतो. वापरण्याजोग्या तुकड्यांनाही आतून पातळ मलमलीचे अस्तर लावावे, म्हणजे शिवणीवर ताण येऊन ते फाटत नाहीत. रंग जातो का, हे पाहण्यासाठी ओले पांढरे फडके कापडावर घासावे; रंग उतरला तर ते कापड तान्ह्या मुलाच्या बाहुलीला नको. प्रमाणाचीही काळजी घ्यावी. एक फूट उंचीच्या बाहुलीला लुगड्याचा पूर्ण रुंदीचा काठ लावला, तर निम्मी बाहुली काठातच बुडते; काठाची एखादी बारीक पट्टीच घ्यावी. चोळीसाठी खण फार शोभतो, कारण त्याची नक्षी मुळातच बारीक असते.

कात्री लावण्याविषयी विचाराल, तर लावावी असेच मी म्हणेन. ट्रंकेत वर्षानुवर्षे घडी घालून ठेवलेले रेशीम शेवटी घडीवरच चिरते. पदर मात्र सलग ठेवावा आणि बाकीच्यातून तुकडे घ्यावेत.

प्रश्न : माझ्या बाहुलीची मान नेहमी लटकते, हात वाकडेतिकडे फुगतात आणि बोटांच्या बेचक्यात शिवण उसवते. काय चुकत असावे?
— एक वाचक, लातूर

उत्तर : तिन्ही अडचणींची कारणे निरनिराळी आहेत. हात वाकडे फुगतात, कारण कापड धाग्याला धरून कापलेले नसते. ताण्याच्या (उभ्या धाग्यांच्या) दिशेने कापड कमी ताणले जाते, बाण्याच्या (आडव्या धाग्यांच्या) दिशेने थोडे अधिक आणि उरेब (तिरप्या) दिशेने सर्वांत जास्त. हातापायांची लांबी ताण्याच्या दिशेने ठेवली, की ते सरळ राहतात. डोके नमुन्यापेक्षा रुंद होत असेल, तर त्याचेही कारण हेच असते. भरल्यावर ते आडवे पसरते, हे गृहीत धरूनच नमुना थोडा अरुंद आखावा.

बोटांसाठी कापड आधी कापू नये. दुहेरी कापडावर पेन्सिलीने आकृती काढावी, तिच्यावरून बारीक टीप मारावी आणि मगच अर्धा सेंटिमीटर माया (शिवणीबाहेरचे जास्तीचे कापड) सोडून कापावे. बेचक्यात टोकाशी एक आडवा टाका येईल अशी शिवण घालावी आणि कात्रीची खाच टाक्याच्या अगदी जवळपर्यंत, पण टाका न तोडता द्यावी. अरुंद हात सुलट करण्यासाठी शरबताची नळी आत घालावी आणि बाहेरून लाकडी काडीने बोटाचे टोक त्या नळीत ढकलत न्यावे. एकदा हे जमले, की पुन्हा कधी अडत नाही.

मानेचा प्रश्न भरण्याचा आहे. भरण लहान लहान चिमटींनी घालावे. मोठा गोळा एकदम कोंबला की त्याच्या बाजूंना पोकळी राहते. टोकापासून सुरुवात करावी आणि मानेत इतके ठासून भरावे, की दोन बोटांनी दाबली तरी ती दबणार नाही. मोठ्या डोक्याच्या बाहुलीत कापड गुंडाळलेली लाकडी काडी छातीपासून डोक्यापर्यंत घालतात. पण अशी बाहुली शोभेसाठी, लहान मुलांसाठी नव्हे. डोके वेगळे शिवून जोडायचे असेल, तर मानेभोवती दुहेरी दोऱ्याने दोन फेऱ्या घालाव्यात.

प्रश्न : आमच्याकडे पावसाळ्यात दमटपणा फार. भरायला कापूस घ्यावा की कृत्रिम तंतू?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : खेळायची, वरचेवर धुवावी लागणारी बाहुली असेल, तर पॉलिस्टरचे तंतू भरावेत, ते लवकर वाळतात. कापसाची बाहुली हाताला अधिक जड आणि अधिक चांगली लागते, पण ती आतून वाळायला फार वेळ घेते आणि दमट हवेत तिला बुरशी धरते. तांदूळ, मोहरी किंवा भुसा कोकणात तरी भरू नये, कीड लागते.

प्रश्न : बाकी सारे जमते, चेहरा मात्र बिघडतो. कधी तो रागावलेला दिसतो, कधी घाबरलेला. चित्रकला येत नसलेल्या माणसाने काय करावे?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : हा प्रश्न सर्वाधिक पत्रांत होता आणि तो मला अतिशय जवळचा आहे. चित्रकलेपेक्षा येथे मोजमाप अधिक उपयोगी पडते. डोके भरून झाल्यावर त्याच्या उंचीच्या मधोमध दोऱ्याची एक आडवी रेष धरावी. मोठ्या माणसाचे डोळे त्या रेषेवर येतात. बाहुली लहान मुलाची असेल, तर ते रेषेच्या खाली यायला हवेत. आपण सर्वजण डोळे फार वर काढतो आणि त्यामुळे चेहरा प्रौढ व कठोर दिसतो. दोन डोळ्यांमध्ये साधारण एका डोळ्याएवढे अंतर ठेवावे.

प्रत्यक्ष भरतकाम करण्यापूर्वी बुबुळांच्या जागी रंगीत डोक्याच्या दोन टाचण्या टोचाव्यात आणि बाहुली आरशासमोर धरावी. जो तिरपेपणा हातात धरून दिसत नाही, तो आरशात तत्काळ दिसतो. टाचण्या किंचित हलवल्या, की चेहऱ्याचा भाव बदलतो. हा बदल पाहत बसणे हाच या कामातील सर्वांत रमणीय भाग आहे. भाव भुवयांत सर्वांत अधिक असतो. त्यांची आतली टोके खाली झुकली की राग दिसतो, वर गेली की भीती किंवा दुःख. आपल्या बाहुल्या रागावलेल्या व घाबरलेल्या दिसतात त्याचे कारण येथेच असावे. सहा पदरी दोऱ्यातले दोनच पदर घेऊन भरावे, आणि गाठ डोक्याच्या मागच्या बाजूस, जेथे पुढे केस येणार आहेत, तेथे लपवावी. ओठ लाल भडक नसावेत. विटकरी रंगाचे तीन-चार टाके पुरतात.

कमीत कमी रेषांत चेहरा ठेवण्याचे धाडसही करून पाहावे. जर्मनीच्या केथे क्रूझ यांनी १९०५ मध्ये आपल्या मुलीसाठी पहिली बाहुली केली, तेव्हा एक टॉवेल वाळूने भरला होता आणि डोक्यासाठी बटाटा वापरला होता. मुलीला ती पसंत पडली. पुढे १९१० मध्ये बर्लिनच्या एका मोठ्या दुकानातील प्रदर्शनात त्यांच्या हातच्या बाहुल्या मांडल्या गेल्या आणि त्यातून त्यांचा प्रसिद्ध कारखाना उभा राहिला. काही ठिकाणी तर चेहरा मुद्दामच कोरा ठेवतात. युक्रेनमधील मोतांका बाहुली चिंध्या गुंडाळून व दोऱ्याने बांधून करतात आणि तिच्या चेहऱ्यावर नाक-डोळे नसतात. जपानमधील ताकायामा भागातील सारुबोबो ही लाल कापडी बाहुलीही चेहऱ्याविनाच असते. खेळणारे मूल त्या कोऱ्या चेहऱ्यावर हवा तो भाव कल्पू शकते. आपणही एक बाहुली तशीच करून पाहावी आणि घरातील मुलांना ती कशी वाटते, ते विचारावे.

प्रश्न : आमच्या कॉलनीत पाच-सहा जणींना मंडळ सुरू करायचे आहे. काय तयारी करावी आणि कोणते नियम ठेवावेत?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : पाच-सहा ही संख्या उत्तम आहे, दहाच्या पुढे गेल्यास एका टेबलाभोवती बसता येत नाही आणि मंडळाचे वर्गात रूपांतर होते. भरपूर उजेड येणारी जागा, एक मोठे टेबल आणि इस्त्री एवढे पुरे. कापड कापायची कात्री कागदाला कधीही लावू नये, म्हणून दोन कात्र्या वेगवेगळ्या ठेवाव्यात. शिंप्याकडून कात्रणे मागून आणावीत आणि ती एका सामाईक पेटीत ठेवावीत. कागदी नमुने जाड पुठ्ठ्यावर उतरवून एका फाइलमध्ये लावावेत. दोन-तीन वर्षांत ती फाइल मंडळाची खरी ठेव होते. बैठक सुरू होताना आणि संपताना सुया व टाचण्या मोजाव्यात. हा नियम मी सर्वांत वर ठेवीन, कारण बाहुलीत राहिलेली सुई मुलाच्या हाताला लागते.

कोणीही न विचारता दुसरीच्या बाहुलीचे टाके दुरुस्त करू नयेत. पहिल्या तीन-चार बैठका सर्वांनी एकच सोपी बाहुली करावी: सपाट, एका तुकड्याची, लोकरीच्या वेण्या घातलेली. त्यानंतर प्रत्येकीने आपल्या आवडीकडे वळावे. आमच्याकडे एकीला फक्त केसांचेच वेड आहे. मधोमध भांगावर उलटी टीप मारून लोकर बसवणे, त्याचा खोपा घालणे, त्यात छोटासा गजरा शिवणे यांत ती दिवसभर रमते, आणि बाकीच्या आपल्या टकल्या बाहुल्या तिच्याकडे सोपवतात. बक्षिसांच्या स्पर्धा ठेवू नयेत, असे मला वाटते. त्याऐवजी प्रत्येकीला सारख्याच कात्रणांची एकेक पुडी द्यावी आणि पुढच्या महिन्यात तिचे काय झाले ते पाहावे. आपण बेळगावात असल्याने त्या पुडीत खणाचा एक तुकडा अवश्य असावा. वर्षातून एकदा, नवरात्राच्या सुमारास, वाचनालयात प्रदर्शन मांडता येईल. शेजारी जुनी भातुकली मांडली, तर मुलींबरोबर आज्याही येतील.

प्रश्न : २०१९ च्या महापुरात आमच्या घरात पाणी शिरले आणि कपाटातील सुती साड्यांवर चिखलाचे डाग पडले. अनेकदा धुऊनही ते निघत नाहीत. टाकवत नाहीत आणि नेसवतही नाहीत. त्यांचे काही होईल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : होईल. २०१८ च्या ऑगस्टमध्ये केरळात महापूर आला, तेव्हा चेंदमंगलम या विणकरांच्या गावात ओणमच्या विक्रीसाठी तयार असलेले हातमागाचे कापड चिखलात बुडाले. ते जाळून टाकण्याच्या विचारात विणकर असताना लक्ष्मी मेनन आणि गोपीनाथ पारायिल यांनी ते कापड निर्जंतुक करून, उकळून त्याच्या लहान बाहुल्या करण्याची कल्पना मांडली. ‘चेकुट्टी’ या नावाने त्या बाहुल्या सर्वत्र पोचल्या. ठिकठिकाणी लोक स्वेच्छेने एकत्र बसून त्या बांधत होते आणि विक्रीचे पैसे विणकरांकडे जात होते. डाग लपवलेले नव्हते. त्या बाहुलीच्या अंगावर ते तसेच दिसत. त्याआधी, २००४ च्या त्सुनामीनंतर ऑरोव्हिलमधील उपासना या संस्थेने किनाऱ्यावरच्या कोळी स्त्रियांना हातात काम मिळावे आणि मनावरचा आघात ओसरावा म्हणून चिंध्यांच्या चिमुकल्या ‘त्सुनामिका’ करायला शिकवले होते. त्या बाहुल्या विकल्या जात नसत, भेट म्हणून दिल्या जात.

आपण साड्या साबणाच्या पाण्यात उकळून, कडक उन्हात वाळवून घ्याव्यात. चेकुट्टीसारखी बाहुली करायला शिवणही लागत नाही. कापडाच्या छोट्या चौकोनात कापसाची गोळी ठेवून गळ्यापाशी दोरा बांधला, की डोके तयार होते. शेजारणींना बोलवावे, त्यांच्याकडेही अशा साड्या असतील.

प्रश्न : आमच्या मंडळाच्या बाहुल्या विकायला ठेवता येतील का? परवानगी लागते, असे ऐकले.
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : आपण ऐकले ते बरोबर आहे. चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानक ब्यूरोचे आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. केंद्र सरकारच्या विकास आयुक्त (हस्तकला) कार्यालयाकडे नोंदलेल्या कारागिरांनी स्वतः करून विकलेल्या वस्तूंना यातून सूट दिलेली आहे. म्हणून सभासदांनी प्रथम कारागीर म्हणून नोंदणी करावी आणि त्या कार्यालयाकडून सध्याचे नियम समजून घ्यावेत. नियम काहीही असोत, तीन वर्षांखालील मुलासाठीच्या बाहुलीला बटण, मणी, टिकल्या किंवा घुंगरू लावू नये. डोळे दोऱ्यानेच भरावेत. दुसऱ्याच्या नमुन्यावरून केलेली बाहुली त्याच्या परवानगीविना विकू नये. किंमत ठरवताना श्रमाचे तास धरावेत, केवळ कापडाचा खर्च नव्हे. एक काळजी मात्र वाटते: मागणी वाढली, की बैठकीत एकाच बाहुलीच्या प्रती निघू लागतात. विक्रीचे काम वेगळ्या दिवशी ठेवावे.

प्रश्न : चांगल्या कापडी बाहुल्या प्रत्यक्ष पाहायला कोठे जावे?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : आपल्याला फार दूर जावे लागणार नाही. झाबुआच्या आदिवासी बाहुल्या आपल्या शेजारच्याच आहेत. भिल्ल स्त्रीपुरुषांचा पेहराव, दागिने, धनुष्यबाण यांसह केलेल्या त्या जोड्या कापड व कापसाच्या असतात. त्या घडवणारे रमेश आणि शांती परमार या दांपत्याला २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. दिल्लीला गेल्यास बहादूरशाह जफर मार्गावरील नेहरू हाऊसमध्ये व्यंगचित्रकार शंकर पिल्लई यांनी १९६५ मध्ये उभारलेले आंतरराष्ट्रीय बाहुली संग्रहालय पाहावे. हंगेरीच्या राजदूतांनी दिलेल्या एका बाहुलीपासून त्यांच्या संग्रहाची सुरुवात झाली. तेथील कार्यशाळेत भारतीय प्रांतांच्या वेशातील बाहुल्या करून त्या परदेशी बाहुल्यांच्या बदल्यात दिल्या जात. अशा ठिकाणी जाताना वही घेऊन जावे आणि सांधे कसे जोडले आहेत, केस कोठे शिवले आहेत, कपड्यांच्या कडा कशा दुमडल्या आहेत, तेवढेच टिपावे.

प्रश्न : माझा नऊ वर्षांचा मुलगा माझ्याबरोबर बाहुली मंडळात येण्याचा हट्ट धरतो. न्यावे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : अवश्य न्यावे. त्याला मोठ्या नाक्याची सुई, जाड दोरा आणि फेल्टचे कापड द्यावे. फेल्टच्या कडांचे धागे सुटत नाहीत, त्यामुळे दोन तुकडे बाहेरूनच काज टाक्याने जोडता येतात. पहिली बाहुली त्याच्या तळहाताएवढीच असावी, म्हणजे ती एकाच बैठकीत पुरी होईल, आणि तिचा चेहरा त्याने स्वतःच काढावा.